कारणाचा रकाना

बुटीबोरीच्या पलीकडे, बंद सूतगिरणीच्या आवारात
वर्षातून एकदा गाड्या पळतात.
मी चौथ्या वळणाचा मार्शल.
एरवी मोमिनपुऱ्याच्या तोंडाशी माझी पंक्चरची टपरी,
त्या रविवारी अंगात नारिंगी कोट, डोक्यावर ओला दुपट्टा,
हातात झेंडा: पिवळ्यावर उभे लाल पट्टे.
म्हणजे, रस्त्यावर काहीतरी पडलंय, जपून.

काय नाही पडत?
रबराचे मणी, घासून घासून निघालेले,
वळणाच्या बाहेरच्या अंगाला उडदासारखे पसरतात.
त्यांच्यावर चाक चढलं की ब्रेक नुसता नावाला.
बंपरचा तुकडा, आरशाची काच,
एकदा तर कोणाची डावी चप्पल.
दोन गाड्यांच्या मधे जेवढा वेळ मिळतो
तेवढ्यात पळत जायचं, उचलायचं, परत यायचं.
छत्तीस पावलं. मी मोजलीत.

अकराव्या फेरीत मला काहीतरी चकाकलं.
मे महिना, दुपारचे दोन,
डांबरावरून पाणी वाहतंय असं दिसत होतं
आणि त्या पाण्यात सगळंच चकाकत होतं.
मी झेंडा अर्धा वर केला,
मग खाली.

चौदाव्या फेरीत लालवानींची हर्षिका, गाडी नंबर सत्तावीस.
आवाज फटाक्यासारखा नव्हताच,
ओल्या गोधडीवर काठी हाणावी तसा, दबका.
मागचा उजवा.
वरचा पट्टा सुटला आणि मागचा पत्रा झोडपत राहिला,
धाड धाड धाड,
गाडी स्वतःभोवती दोनदा फिरून
टायरांच्या भिंतीत जाऊन बसली.
जुन्या टायरांनी वाचवलं तिला.
त्यातले निम्मे माझ्याच टपरीतून गेले होते.

ती बाहेर आली, हेल्मेट काढलं,
केस कपाळाला चिकटलेले.
"काका, झालं काय?"

उस्ताद नूर मोहम्मद म्हणायचे,
टायर आयुष्यभर गप राहतो बाप्पा,
फुटला की मग खरं बोलतो.
मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो.
आतली भिंत चुरून पिठासारखी झालेली,
म्हणजे शेवटच्या फेऱ्या कमी हवेवर काढल्या.
हवा कमी तर भिंत दुमडते,
दुमडली की तापते,
तापली की आतले थर एकमेकांना सोडतात.
मेकॅनिकनं सकाळीच दोन पौंड कमी ठेवले होते,
उन्हात वाढेलच म्हणून.
पण दोन पौंडांत एवढं पीठ पडत नाही.

सुटलेल्या पट्ट्यात बोट फिरवलं.
तिसऱ्या खाचेत अडकलेला, डोकं झिजलेला
एक पत्र्याचा स्क्रू.
डोक्याला हिरवा रंग,
माझ्या वळणावरच्या शरबताच्या पाटीचा.
वर पाहिलं. पाटीचा एक कोपरा
गरम वाऱ्यावर हलत होता.

मोहगावकर साहेब छत्रीखालून आले,
अर्ज फळीवर टेकवला,
कारणाच्या रकान्यात लिहिलं: उष्णता.
"बरोबर ना बे?"
सेहेचाळीस डिग्री होतं.
खोटं कसं म्हणणार.

ऑक्टोबरात ती टपरीवर आली, स्कूटी ढकलत.
ओळखलं मला. "तुम्ही ते झेंडेवाले ना?"
खुर्ची दिली, ट्यूब काढली,
पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडा शोधला.
चाकात निघाला साधा खिळा, रस्त्यावरचा, कोणाचाही.
तिच्या तळहातावर ठेवला.
ती हसून म्हणाली, "एवढुसा?"

गल्ल्यात, चिल्लरखाली,
तो हिरवा अजून आहे.

"किती झाले काका?"
राहू दे, म्हटलं.
"काहून?"